एवढासा इलेक्ट्रॉन जड कसा होतो?

या कार्यक्रमात आम्ही बचत गटाच्या बायका नेहमी कशाबद्दल बोलतो ते तुम्हाला ठाऊक आहे. कर्जाचे हप्ते, शेळ्यांचे आजार, अंगातलं रक्त कमी होणं, रेशनकार्डावरची नावं. आज आम्ही इलेक्ट्रॉनबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आधी आम्हीही हसलो होतो.

झालं असं. मार्चच्या मासिक बैठकीत आमच्या एका ताईंनी तीस हजार रुपयांच्या अंतर्गत कर्जाची मागणी केली. त्यांची धाकटी लेक भौतिकशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाली. दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेत तिची संशोधनासाठी निवड झाली. दरमहा विद्यावेतन मिळणार होतं, पण ते हातात पडायला दोन-तीन महिने जातात, असं तिला आधीच्या मुलांनी सांगितलं होतं. तोवर प्रवास, वसतिगृहाची अनामत, खाणावळ कशी भागवायची? म्हणून कर्ज.

अर्जात ‘कर्जाचं कारण’ या रकान्यात मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘अतिजलद लेसर वापरून जड फर्मिऑन पदार्थांतल्या इलेक्ट्रॉनांचा अभ्यास’. आमच्या सचिवताई वाचताना तीनदा अडखळल्या. एक काकू म्हणाल्या, “शेळीला दिलं, बियाण्याला दिलं, दवाखान्याला दिलं. हे काय आहे ते कळल्याशिवाय मी सही करायची नाही.” त्यांचं चुकलं नव्हतं. पैसा बारा जणींचा आहे. एकेक रुपया भाजीतून, मजुरीतून मागे टाकलेला.

आणखी एक गोष्ट होती, ती कोणी बोललं नाही. तीन वर्षांपूर्वी याच ताईंनी थोरल्या लेकीच्या नर्सिंगसाठी कर्ज मागितलं होतं आणि आम्ही नाही म्हटलं होतं. ‘मुलगी लग्न होऊन जाणार, हप्ते कोण भरणार’ हे कारण इतिवृत्ताच्या वहीत आमच्याच अक्षरात आहे. त्याच वर्षी त्या मुलीचं लग्न झालं. ताईंनी तेव्हा एक शब्द काढला नाही, आत्ताही नाही. पण ते पान प्रत्येकीला आठवत होतं.

शेवटी ठरलं की मुलीने पुढच्या बैठकीत यावं, आपण काय शिकणार ते आमच्या भाषेत सांगावं, मग ठराव घेऊ. ती आली. अंगणवाडीच्या खोलीत दीड तास बोलली. नंतरही आम्ही फोन करकरून तिला पुष्कळ विचारलं. त्यातलं जे आम्हाला समजलं, ते आज तुम्हाला सांगतो. आम्ही बी.ए. झालेल्या, तेही मराठी घेऊन. तेव्हा आम्हाला समजलं म्हणजे तुम्हालाही समजेल.

आल्या आल्या तिने चाक फिरवून पेटवायचा एक लायटर आमच्यापुढे ठेवला. म्हणाली, “काकू, चाक घासलं की ठिणगी पडते ना? त्या खड्यात सिरियम नावाचा धातू असतो.” मग आमच्या आजींना विचारलं, “पूर्वी लग्नात पेट्रोमॅक्सच्या बत्त्या असायच्या, त्यांची पांढरी जाळी आठवते? तिच्यातही थोडं सिरियम असायचं.” केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावर मोनाझाइट नावाची वाळू आहे. सिरियम तिच्यात सापडतं. म्हणजे आपल्याला अगदीच परकी नसलेली ही वस्तू. तिची सगळी गोष्ट या सिरियमपाशी सुरू होते.

आता इलेक्ट्रॉन म्हणजे काय? तारेतून वीज जाते, म्हणजे तारेतल्या धातूमधून इलेक्ट्रॉन नावाचे कण वाहतात. एका इलेक्ट्रॉनचं वजन किलोमध्ये लिहायचं तर दशांश चिन्हानंतर ३० शून्यं मांडायची आणि मग ९ लिहायचा. इतका हलका. तांब्यातला असो, चांदीतला असो, सगळे इलेक्ट्रॉन सारखे. आणि ‘फर्मिऑन’ हे इलेक्ट्रॉन ज्या घराण्यातले, त्या घराण्याचं नाव. एन्रिको फर्मी या शास्त्रज्ञाच्या नावावरून ते पडलं.

१९७५ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिरियम आणि ॲल्युमिनियम यांचं एक संयुग खूप थंड करून तपासलं गेलं. खूप थंड म्हणजे किती? थंडीला एक तळ आहे, उणे २७३ अंश सेल्सिअस. त्याला निरपेक्ष शून्य म्हणतात. त्याच्या खाली तापमान जात नाही. या तळाच्या अगदी जवळ नेऊन त्यांनी मोजलं की या धातूचं तापमान थोडंसं वाढवायला किती उष्णता द्यावी लागते. इलेक्ट्रॉन जितके जड, तितकी जास्त उष्णता त्यांना द्यावी लागते. उत्तर आलं ते साध्या धातूच्या शेकडो पटींनी जास्त. जणू त्या धातूतले इलेक्ट्रॉन शेकडो पट जड झाले होते. पुढे असे आणखी धातू सापडले. काहींमध्ये हा आकडा हजार पटीपर्यंत जातो.

इथे आमच्या काकूंनी विचारलं, “अगं, पण इलेक्ट्रॉन सगळे सारखे म्हणालीस ना? मग याचं वजन वाढलं कशानं?”

मुलगी म्हणाली, “वजन वाढत नाही काकू. तो जड असल्यासारखा वागतो.”

ते कोणाला कळेना. तेव्हा आमच्यातल्या एका मावशींनीच दाखला दिला. म्हणाल्या, “लग्नाच्या मांडवात नवरीच्या आईला या टोकापासून त्या टोकाला जायचं असतं. रिकामा मांडव असला तर झपझप जाईल. पण मांडवभर म्हाताऱ्या बसलेल्या असल्या, की हिच्या पाया पड, तिची चौकशी कर, तिसरीने हात धरून ठेवलाय. वजन तेवढंच आहे तिचं, पण पाय उचलत नाही.”

मुलगी टाळ्या वाजवायला लागली. म्हणाली, “मावशी, हेच!”

सिरियमच्या प्रत्येक अणूमध्ये आतल्या बाजूला एक इलेक्ट्रॉन घर धरून बसलेला असतो. तो तारेतून वाहत नाही. तो एखाद्या चिमुकल्या लोहचुंबकासारखा असतो. या मांडवात बसलेल्या म्हाताऱ्या. बाकीचे इलेक्ट्रॉन फिरते. धातू गरम असतो तेव्हा सगळीकडे गडबड चाललेली असते, फिरत्यांना बसलेल्यांशी गाठ घालायला सवड नसते. धातू थंड होत गेला की गडबड शमते. मग फिरते इलेक्ट्रॉन या बसलेल्या चुंबकांभोवती गुंततात, आणि दोघं मिळून एकच नवी गोष्ट असल्यासारखे वागू लागतात. तोच जड इलेक्ट्रॉन. मांडवाचा दाखला इथपर्यंतच चालतो. कारण खऱ्या धातूत बसलेले आणि फिरते एकमेकांत इतके मिसळतात की कोण कोणता हे वेगळं काढता येत नाही. मांडवात तसं होत नाही.

या गुंतण्याला कोंडो परिणाम म्हणतात. त्याचीही एक गोष्ट आहे. धातू थंड केला की वीज त्यातून अधिकाधिक सोपी जाते, हा नेहमीचा नियम. पण १९३० च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडन शहरात सोन्याच्या तारा थंड करताना उलटंच दिसलं. एका ठिकाणापर्यंत विरोध कमी होत गेला, आणि त्याखाली पुन्हा वाढायला लागला. कारण तीस वर्षं सापडलं नाही. १९६४ साली जपानच्या जुन कोंडो यांनी गणित करून दाखवलं की धातूत लोखंडासारखे चुंबकी अणू अगदी थोडे मिसळलेले असले तरी असं होतं. सोन्यात किंचित लोखंड शिल्लक होतं, त्याचा हा खेळ. सिरियमच्या धातूंत तर असा चुंबक कुठे एखादा नाही, रांगेने प्रत्येक घरात एक बसलेला असतो.

१९७९ साली आणखी नवल घडलं. जर्मनीत फ्रँक श्टेग्लिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सिरियम, तांबे आणि सिलिकॉन यांच्या संयुगात अतिवाहकता सापडली. अतिवाहकता म्हणजे वीज कुठलाही विरोध न होता, जरासुद्धा वाया न जाता वाहणं. निरपेक्ष शून्याच्या जेमतेम अर्धा अंश वर ती दिसली. तोवर सगळे समजत होते की चुंबकी अणू अतिवाहकतेचे वैरी. थोडे मिसळले तरी ती मोडते. इथे तर चुंबक घरोघरी बसलेले, आणि तरीही वीज विनाविरोध. तेव्हापासून या जड इलेक्ट्रॉनांकडे जगभरातल्या प्रयोगशाळांचं लक्ष लागलं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही सिरियमच्या अशा संयुगांवर वर्षानुवर्षं काम झालेलं आहे.

आता लेसर कुठे आला? इथे आमच्या गटातल्या आशाताई कामाला आल्या.

मुलीने विचारलं, “आशाताई, जुलाब झालेल्या बाळाच्या अंगातलं पाणी किती कमी झालंय ते तुम्ही कसं बघता?” आशाताई म्हणाल्या, “पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची. चटकन जागेवर गेली तर ठीक. दोन सेकंदांहून जास्त लागले तर पाणी फार कमी झालंय, ताबडतोब दवाखाना.” मैत्रिणींनो, हे तुम्हीही लक्षात ठेवा. ही खूण आज विषय नसली तरी उपयोगाची आहे.

“तर तुम्ही बाळाच्या अंगात शिरून पाणी मोजत नाही,” मुलगी म्हणाली. “जरासा धक्का देता आणि परत जागेवर यायला किती वेळ लागतो ते बघता. त्यावरून आत काय चाललंय ते कळतं. मी इलेक्ट्रॉनांचं हेच करणार.”

आमच्या दीड तासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे. धक्का द्यायचा, आणि परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. लेसरचा एक झोत धक्का देतो. त्याच्या मागून दुसरा, मंद झोत येतो आणि काय झालं ते पाहून जातो. दुसरा झोत दर वेळी थोडा थोडा उशिरा पाठवायचा, म्हणजे धक्क्यानंतरच्या एकेका क्षणाची चित्रं जुळत जातात.

पण बाळाच्या कातडीला सेकंद लागतात. इलेक्ट्रॉनचा हिशेब फेम्टोसेकंदात आणि पिकोसेकंदात असतो. एक फेम्टोसेकंद म्हणजे किती लहान? त्याला ताणून एक सेकंद केला, तर त्याच मापाने आपला एक सेकंद ३ कोटी वर्षांहून लांब होईल. एक हजार फेम्टोसेकंदांचा एक पिकोसेकंद.

मग एवढा वेळ मोजणारं घड्याळ कुठलं? आम्हाला वाटलं काहीतरी फार महागाचं यंत्र असेल. मुलगी म्हणाली, घड्याळ नाही, आरसा. प्रकाश एका सेकंदात ३ लाख किलोमीटर जातो. एका पिकोसेकंदात तो फक्त ०.३ मिलिमीटर जातो. आता समजा, दोघी एकाच वेगाने चालणाऱ्या बायका एकाच वेळी घरून निघाल्या, पण एक जरा लांबच्या वाटेने गेली. ती नेमकी किती उशिरा पोचेल ते वाटेच्या लांबीवरून सांगता येतं, घड्याळ लागत नाही. तसंच लेसरच्या एका झोताचे दोन भाग करायचे. एक सरळ जातो, दुसरा आरशावरून फिरून येतो. आरसा खसखशीच्या दाण्याएवढा, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर मागे सरकवला, की जाऊन-येऊन दोन मिलिमीटर वाट वाढते आणि झोत साडेसहा पिकोसेकंद उशिरा पोचतो. वेळ लांबीवर मोजायचा. हे ऐकून आमच्या काकू पहिल्यांदा पुढे सरकून बसल्या.

अशा लेसरसाठी ज्यांचं काम पायाचं ठरलं, त्यांत एक बाई आहे. कॅनडाच्या डोना स्ट्रिकलँड. १९८५ साली अमेरिकेत विद्यार्थिनी असताना त्यांनी आपले मार्गदर्शक जेरार मुरू यांच्याबरोबर एक युक्ती काढली. लेसरचा अगदी आखूड झोत जोरदार करायला जावं तर जोर वाढवणारं यंत्रच जळतं. म्हणून आधी झोत ताणून लांब करायचा, मग त्याला जोर द्यायचा, आणि शेवटी पुन्हा दाबून आखूड करायचा. एका दारातून गर्दी एकदम घुसली तर दार मोडतं. रांग लावून आत घ्यायचं, प्रत्येकीला शिधा द्यायचा, मग आत सगळ्या एकत्र. या कामासाठी दोघांना २०१८ साली नोबेल मिळालं. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या त्या तिसऱ्याच बाई. पहिल्या मेरी क्युरी १९०३ साली, दुसऱ्या मारिया गोपर्ट मायर १९६३ साली. मध्ये साठ वर्षं, मग पंचावन्न वर्षं. २०२३ साली त्याहून आखूड झोतांसाठी ज्या तिघांना नोबेल मिळालं त्यांत ॲन लुइलिये होत्या. फोन आला तेव्हा त्या वर्गात शिकवत होत्या, आणि बातमी ऐकून परत वर्गात जाऊन त्यांनी तास पुरा केला.

तर अशा लेसरने जड इलेक्ट्रॉनांना धक्का दिल्यावर काय दिसलं? दोन प्रयोग आम्हाला नीट समजले, ते सांगतो.

पहिला अमेरिकेतल्या लॉस अलामोस इथला. २००३ साली युरे देमशार आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. त्यांनी दोन धातू घेतले. एकात यटर्बियम, चांदी आणि तांबे. यटर्बियमही सिरियमसारखंच, आत बसलेला चुंबक असलेलं. दुसऱ्यात बाकी सगळं तेच, फक्त यटर्बियमच्या जागी ल्युटेशियम, ज्यात तसा चुंबक नाही. आपण नाही का, खताचा गुण बघायला एका वाफ्यात खत घालतो, शेजारच्यात नाही? तसं. दोन्ही थंड करत नेले आणि धक्का देऊन बघितलं. ल्युटेशियमचा धातू साध्या धातूसारखा वागला. यटर्बियमच्या धातूत मात्र, जसजसा तो थंड झाला तसतसा इलेक्ट्रॉनांना परत स्थिर व्हायला लागणारा वेळ वाढत वाढत शंभर पटींच्या वर गेला. गुंतलेला इलेक्ट्रॉन धक्क्यातून लवकर सावरत नाही, हे असं उघड दिसलं.

दुसरा प्रयोग स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या तंत्रविद्यापीठातला, २०१८ सालचा. तिथल्या माणसांना वाटलं की दिसणाऱ्या प्रकाशाचा धक्का या इलेक्ट्रॉनांना फार मोठा होतो. इलेक्ट्रॉन आणि चुंबक यांची गाठ ज्या जोराने बांधलेली असते, त्याच्या हजारो पट जोर त्या प्रकाशाच्या एकेका कणात असतो. चिमटी बोटांनी घ्यायची असते, पकडीने नाही. म्हणून त्यांनी टेराहर्ट्झ लहर वापरली. ही आपल्या मोबाइलच्या लहरींच्या पुढची आणि चुलीच्या उष्णतेच्या लहरींच्या अलीकडची. लेसरचा झोत एका खास स्फटिकातून नेला की ती तयार होते. तिचा जोर बरोबर त्या गाठीएवढा.

लहर धातूवर आपटून लगेच परत आली, ते अपेक्षितच होतं. पण सुमारे ६ पिकोसेकंदांनी, तिच्या मागून आणखी एक क्षीण लहर आली. विहिरीत हाक मारली की थोड्या वेळाने आपलाच आवाज परत येतो तशी. काय झालं होतं? पहिल्या लहरीने काही गाठी सोडवल्या. जड इलेक्ट्रॉन मोडले, फिरते आणि बसलेले वेगळे झाले. मग ते पुन्हा एकमेकांत गुंतले. पुन्हा गाठ बसताना जी ऊर्जा बाहेर पडली, ती ही मागून आलेली लहर. किती उशिरा आली त्यावरून गाठ किती घट्ट आहे ते कळतं, आणि किती जोरात आली त्यावरून असे जड इलेक्ट्रॉन किती आहेत ते कळतं.

त्यांनी सिरियम आणि तांब्याच्या धातूवर हे केलं. मग त्यातच ६० तांब्याच्या अणूंमागे एक काढून त्या जागी सोन्याचा अणू घातलेल्या धातूवर केलं. साठात एक, म्हणजे अगदीच थोडं असं वाटेल. पण तेवढ्याने सगळं बदलतं. सोनं त्याहून थोडं वाढवलं तर थंडीत ते बसलेले चुंबक फिरत्यांचा नाद सोडून आपापसात शिस्तीत उभे राहतात, एक वर तोंड करून, एक खाली. साठात एक ही बरोबर सीमेवरची जागा. नुसत्या तांब्याच्या धातूत, थंड करत नेलं तशी मागून येणारी लहर जोरदार होत गेली. सीमेवरच्या धातूत ती खालच्या तापमानाला पुन्हा दुबळी होत गेली. म्हणजे त्या सीमेवर जड इलेक्ट्रॉन विरघळू लागतात. गाठी बसेनाशा होतात. हे का आणि कसं, यावर अजून सगळ्यांचं एकमत नाही. त्यामुळेच तिथे नव्या मुलामुलींना काम आहे.

त्या झुरिकच्या गटात शोवन पाल हे आपल्याकडचे संशोधकही होते. आणि यटर्बियमचे स्फटिक वाढवणाऱ्यांत जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या क्रिस्टिन क्लीम्ट या बाईंचं नाव येतं. खडीसाखर कशी दोऱ्याला धरून हळूहळू वाढते, तसा धातूंचा रस सावकाश थंड करत स्फटिक वाढवावा लागतो. घाई केली की बिघडतो. लेसर कितीही वेगवान असला तरी आधी कोणीतरी हे सावकाशीचं काम केलेलं असतं.

आता काकूंचा शेवटचा प्रश्न. तो त्यांनी विचारलाच. “सगळं ऐकलं. उपयोग काय याचा?”

आम्हाला वाटलं, आता ही सांगणार की याच्याने वीज फुकट होईल. तिने तसं काही सांगितलं नाही. म्हणाली, “काकू, आज काहीच नाही. हे धातू इतक्या थंडीत काम करतात की त्यांच्या तारा ओढून गावात वीज आणता येणार नाही. पण चुंबक आणि अतिवाहकता एकत्र कशी नांदते, हे इथे कळलं तर पुढे कधीतरी कमी थंडीत चालणारा धातू शोधायला त्याचा आधार होईल. होईलच असं मी म्हणत नाही.” मग तिने विचारलं, “तुमच्या डोक्याचा एमआरआय जिल्ह्याच्या गावाला काढला होता ना?” काकू म्हणाल्या हो. “त्या यंत्राच्या पोटात अतिवाहक तारेचा चुंबक असतो. अतिवाहकता पहिल्यांदा दिसली १९११ साली, पारा थंड करताना, त्याच लायडन शहरात. तेव्हा बघणाऱ्यांना दवाखान्याची कल्पनासुद्धा नव्हती.”

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “पोरगी खोटं बोलली नाही. वही आणा.”

ठराव झाला. बारापैकी नऊ जणी बाजूने, तिघी नाही. त्या तिघींचं म्हणणंही इतिवृत्तात लिहिलं आहे, कारण तो नियम आहे. व्याज बाकीच्यांना तेच, हप्तेही बारा. पहिले दोन हप्ते ताईंनी मजुरीतून भरले. विद्यावेतन खरंच तिसऱ्या महिन्यात आलं. तिसरा हप्ता मुलीने स्वतः पाठवला, तारखेच्या दोन दिवस आधी.

त्याच बैठकीत आम्ही आणखी एक गोष्ट केली. तीन वर्षांपूर्वीचं ते पान उघडून मोठ्याने वाचलं. वाचताना आम्हाला लाज वाटली, ती इथे सांगायला हरकत नाही. थोरलीनेही आम्हाला समजावून सांगितलं असतं, पण तिला आम्ही बोलावलंच नव्हतं. न विचारताच नाही म्हटलं. आता नियमात ओळ घातली आहे की शिक्षणाच्या कर्जाला मुलगी लग्नाची आहे की नाही हे बघायचं नाही, आणि अर्ज नाकारण्याआधी जिचं शिक्षण आहे तिला बैठकीला बोलवायचं.

गेल्या आठवड्यात आमच्यापैकी दोघी थोरलीच्या सासरी जाऊन आल्या. तिला अजून नर्सिंग करायचं आहे. तिचं बाळ दीड वर्षाचं आहे. सासूबाईंनी चहा दिला, विचार करतो म्हणाल्या. पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात असा न वाचता येणारा शब्द लिहिलेला अर्ज आला, तर तो बाजूला ठेवू नका. त्या मुलीला बोलवा, समोर बसवा, आणि समजेपर्यंत विचारा. आम्हाला दीड तास लागला. आमच्याशी बोलायचं असेल तर कार्यक्रमाच्या पत्त्यावर लिहा, उत्तर जरूर देऊ.